लाईट उनी का?

पाटी रंगवणाऱ्या भागवत पेंटरनं एक मात्रा गाळली
आणि चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात
सात महिने माझ्या खोलीचं नाव होतं
‘वृद्धापचार कक्ष’.
कुणी वाचलं नाही. साहेबांनीही नाही.
शेवटी मीच स्टुलावर चढले,
जांभळ्या औषधात कापूस बुडवून
राहिलेली मात्रा दिली.
अजून तशीच आहे, जांभळी.

आधी ती खोली मोडक्या सलाईन-स्टँडांची होती,
जुन्या बॅनरांची आणि एका मांजरीची.
सहा खाटा मागितल्या, चार आल्या,
चारही उंच. उतरताना
म्हातारं माणूस हवेत पाय शोधतं.
नाक्यावरच्या सलीम वेल्डरनं
खाटांचे पाय वीतभर कापले,
उरलेल्या पायपाचे दांडे केले, संडासाच्या भिंतीला.
‘शासकीय मालमत्तेची मोडतोड’.
मेमो फायलीत आहे, दांडे भिंतीत आहेत.

फॉर्मात प्रश्न होता: शंभरातून सात वजा करत जा.
झिपाबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिली.
मग मी विचारलं, घडाला नऊ फण्या,
फणीला सोळा केळी, तर एकूण?
ती म्हणाली, “खालन्या दोन फन्या बारीक ऱ्हातस,
त्या धरू का सोडू?”
तिच्या केसपेपरवर ‘वय झाले’ असं निदान होतं.
ते मी खोडलं.
वर लिहिलं: ऐकू कमी येतं. हिशेब शाबूत.

शेनफडू बाबा आले
ते मनगटांना पट्ट्या बांधलेलेच.
कागदावर: रात्री भ्रम, पळून जातात.
आधीची पाच लेकरं गेली म्हणून आईनं हे नाव ठेवलं,
मरणानं शेण समजून ओलांडून जावं.
ब्याऐंशी वर्षं ते ओलांडत होतं.
मी पट्ट्या सोडल्या.
“रात्री पडले तर जबाबदार कोण, बारेला सिस्टर?”
रात्रपाळी माझीच आहे, म्हटलं.

दोन वाजता बाबा उठले.
कानांना मफलर गुंडाळला, पायानं चप्पल चाचपली,
आणि अंधाराला विचारलं,
“लाईट उनी का?”

भ्रम कुठला, ते वेळापत्रक होतं.
धानोऱ्याच्या मळ्यात माझा बाप सालदार.
आठवड्यातले चार दिवस थ्री-फेज रातचीच यायची.
तो पुढे बॅटरी घेऊन,
मी मागे, झोपेत चालत, साप बघायला.

“उनी, बाबा.”
काठी दिली. बावीस पावलं चाललो.
व्हरांड्याच्या टोकाला एक जुनं बटण आहे,
कशालाच न जोडलेलं.
त्यांनी ते दाबलं, भिंतीला कान लावला,
नळीतून पाणी चढायला लागतो
तेवढा वेळ थांबले. मीही थांबले.
रस्त्यावर केळीचा ट्रक गिअर बदलत होता.
“धरं पानी,” बाबा म्हणाले
आणि उजाडेपर्यंत झोपले.

सकाळी रजिस्टरात नियम लिहिला:
रात्री उठले तर बांधू नये.
लाईट आली म्हणावं. सोबत चालावं.
साहेबांनी सही केली, न वाचताच.
पुढच्या वर्षी जिल्ह्याचं पथक आलं,
याला कार्यक्रम म्हणायचं का, विचारत.
तोवर आठ खाटा होत्या, सगळ्या बुटक्या,
दातांच्या कवळ्यांना नावं घातलेल्या डब्या होत्या
आणि नव्या पोरींना बटण माहीत होतं.

बाबा फाल्गुनात घरी गेले.
काल त्यांच्या मुलाचा फोन:
“सिस्टर, आता मळ्यात सोलर पंप आहे,
लाईटीचं काही कामच नाही,
तरी बाबा दोनला उठतात. काय सांगू त्यांना?”
सोबत चाला, म्हटलं.
“मला पहाटे गाडी भरायची असते.”
बावीसच पावलं असतात.
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग तो म्हणाला,
“आणि बटण?”
कुठलंही.